एकोणिसाव्या कपातला बटवा

आधीच सांगून टाकते, बटवा मी चोरून नेला. नंतर कुणी म्हणायला नको की म्हातारीने लपवाछपवी केली आणि सांगताना साळसूदपणाचा आव आणला. निघायच्या आदल्या दिवशी सूनबाईने मला समोर बसवून स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं, की आई, तुम्ही सोबत या, पण तो बटवा मात्र घरी राहू दे. मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं. दुसऱ्या दिवशी बस सुटली तेव्हा माझ्या बॅगेच्या तळाशी, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, डब्याच्या झाकणाला चारही बाजूंनी चिकटपट्टी मारून बटवा गुपचूप बसला होता.

बटवा म्हणजे हातभर दोरीचा, जाड निळ्या कापडाचा, सात कप्प्यांचा. माझ्या आईने स्वतः शिवून मला लग्नात दिलेला. कप्पे कधी रिकामे राहिले नाहीत. लवंग, ओवा, सुंठ, ज्येष्ठमध, बडीशेप, हळकुंड आणि शेवटच्या कप्प्यात निलगिरीच्या तेलाची बोटाएवढी बाटली. घराबाहेर पाऊल टाकलं की माणसाचं पोट तरी बिघडतं नाहीतर घसा तरी, आणि नेमका तेव्हाच दवाखाना बंद असतो. मी काही स्वतःला वैद्य समजत नाही. ताप चढला, छातीत दुखलं, तर डॉक्टरकडे पळणाऱ्यांत मी पहिली. पण शिंक, उचकी, मळमळ, ठसका इथपर्यंत माझं राज्य आहे, आणि त्या राज्यात मी कुणाचं ऐकत नाही.

घरात एकच माणूस या राज्याबाहेर होतं, ती आमची सून. बारा वर्षांत तिने माझं एकही औषध घेतलं नाही. नातवंडं घेतात, मुलगा घेतो, वरच्या मजल्यावरचे लोक जिना उतरून मागायला येतात. ही मात्र लांबूनच नाही म्हणणार. फार वर्षं मला वाटायचं की बाईला माझा तिटकारा आहे. मीही मग घालून पाडून बोलायचे. खोटं कशाला सांगू.

खरं कारण तिचं काम. चहाच्या एका मोठ्या वखारीत ती निवडणीला होती. पट्ट्यावरून चहाची पत्ती येत राहते आणि बायका त्यातल्या काड्या नि धागे वेचत राहतात, आठ तास, उभ्याने. तिथल्या म्हाताऱ्या चाखणाऱ्याच्या एक दिवस लक्षात आलं की ही बाई पत्ती हातात घेण्याआधी हुंगते, आणि ती बाजूला काढते तो माल खराबच निघतो. त्याने तिला शिकवायला घेतलं. जेवणाच्या सुट्टीत, चार वर्षं. कोरा चहा चमच्यातून आवाज करत ओढायचा, तोंडभर फिरवायचा, पिंपात थुंकायचा आणि सांगायचं की कुठल्या मळ्याचा, कधी खुडलेला, कुठे बिघडला. आता त्याचे डोळे गेले होते आणि तो घरी बसणार होता. त्याची खुर्ची सूनबाईला मिळणार होती, पण परीक्षा पास झाली तर. परीक्षा तीन वर्षांतून एकदा, तीही परगावी. या वेळी हुकली तर खुर्चीवर बाहेरचा माणूस येणार आणि ही पुन्हा पट्ट्यापाशी उभी राहणार, ती कायमचीच. तिचे गुडघे आत्ताच कुरकुर करत होते, मला ऐकू यायचं.

म्हणून सहा महिने आमच्या घरात वासाच्या साबणाला बंदी होती, अत्तराला बंदी होती, आणि माझ्या बरण्या गॅलरीत हद्दपार झाल्या होत्या. मी बोलायचं तेवढं बोलून घेतलं, पण बरण्या उचलल्या मीच. मुलाची कामाची पाळी बदलेना, पोरांकडे कुणीतरी हवं, म्हणून तो घरी राहिला आणि सोबतीला मी निघाले.

बसमध्ये अर्ध्या वाटेवर पुढच्या सीटवरच्या बाईंना मळमळायला लागलं. रस्ता घाटाचा. बिचारीचा चेहरा पिवळा पडलेला, हातात पिशवी धरून बसलेली. माझ्याच्याने बघवेना. मी बॅगेत हात घातला, चिकटपट्टी ओरबाडली आणि सुंठेचा एक तुकडा तिच्या हातावर ठेवला, दाताखाली धर म्हटलं. दहा मिनिटांत बाई सरळ बसली. सूनबाईने माझ्याकडे एकदा पाहिलं, उठली आणि चार रांगा मागे जाऊन बसली. तिथे वरून गार हवेचा झोत यायचा. म्हणजे तिला सर्दी झाली ती माझ्यामुळे. हे मी कबूल करते, पण कबूल करायला मला दोन दिवस लागले.

लॉजवर पोहोचलो तेव्हा ती शिंकत होती. संध्याकाळपर्यंत नाक गच्च. परीक्षा परवा सकाळी. तिने पर्समधून चहाची एक छोटी पुडी काढली, सरावासाठी आणलेली, नाकाशी धरली, बाजूला ठेवली, पुन्हा धरली. मग पलंगाच्या कडेवर बसून राहिली.

“आई, काहीच येत नाहीये,” ती म्हणाली.

बारा वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. बाळंतपणातही नाही. त्या दिवशी ती आवाज न करता रडली, आणि रडण्याने नाक आणखी चोंदलं. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. हात आपसूक निलगिरीकडे गेला. तिने माझं मनगट धरलं. म्हणाली की दोन थेंब लावले तर नाक उघडेल, पण दोन दिवस तिथे निलगिरीशिवाय दुसरं काही बसणार नाही. लवंग नको, ओवा नको, जिभेवर ज्येष्ठमध तर मुळीच नको. ज्याला वास आहे, चव आहे, ते काहीही नको.

आता आली का पंचाईत. माझ्या बटव्यात वास नसलेलं होतं काय? सात कप्पे भरून वासच वास. चाळीस वर्षांची माझी अक्कल तिथे एका मिनिटात निकामी झाली. मी चिडले, तिच्यावर, बसवर, चहावर. मग खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि डोकं ठिकाणावर आणलं. नाक उघडायला वास लागत नाही. लागतं काय? ऊब, ओलावा आणि मीठ. एवढं तर कुठल्याही गावात मिळतं.

लॉजच्या मालकीणबाई खाली काउंटरवर वीणकाम करत बसलेल्या. मी त्यांच्याकडे मीठ मागितलं, उकळलेलं पाणी मागितलं, आणि बारीक नळीच्या तोंडाचं काहीतरी द्या म्हटलं. त्यांनी कपाटातून चिनी मातीची चहाची किटली काढली. पांढरी, निळ्या फुलांची, पाहुण्यांसाठी ठेवलेली. तिचं काय करणार ते मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दिली नसती. ती उकळत्या पाण्याने दोनदा विसळून घेतली. उकळलेलं पाणी कोमट होईपर्यंत थांबले, त्यात मीठ विरघळवलं आणि सूनबाईला मोरीत वाकवून उभं केलं. मान तिरकी, तोंड उघडं, श्वास तोंडाने. एका नाकपुडीतून किटलीचं पाणी आत, दुसरीतून बाहेर. पहिल्यांदा ठसका लागला आणि ती मला नको ते बोलली. मी ऐकून घेतलं. तिसऱ्या खेपेला धार सरळ निघाली.

मग शेक. शेकायला ओवा लागतो हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत, पण ओव्याला बंदी. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बाजार पालथा घातला. वाळूचा शेक द्यावा तर धूळ, तांदळाचा द्यावा तर गरम झाल्यावर भातासारखा वास. शेवटी पक्ष्यांचा दाणा विकणाऱ्याच्या दुकानात जवस दिसलं. मूठभर घेतलं, तोंडात टाकून पाहिलं, नाकाशी धरून पाहिलं. जवळजवळ काहीच नाही, आणि गुळगुळीत दाणा ऊब छान धरतो. पिशवी कशाची करायची, तर मुलाचा एक नवाकोरा पायमोजा चुकून माझ्या बॅगेत आला होता. त्यात जवस भरलं, गाठ मारली. लॉजच्या स्वयंपाकघरात तव्यावर बेताने गरम करून आणायचं आणि तिच्या कपाळावर, नाकाच्या दोन्ही बाजूंनी ठेवायचं. दर दोन तासांनी किटली, मग पायमोजा. मधल्या वेळात मी तिला लॉजचा जिना चढायला-उतरायला लावला, कारण दम लागला की नाक आपोआप सुटतं. तिसऱ्या मजल्यावरचा एक प्रवासी दार उघडून विचारायला आला की काही हरवलंय का. मी म्हटलं, हो, वास हरवलाय.

दुपारी चारच्या सुमाराला ती जिन्यात मध्येच थांबली. म्हणाली, फिनेल. खालच्या मजल्यावर फरशी पुसत होते. मला तर काही वास येत नव्हता. मग म्हणाली, ओली लोकर, म्हणजे मालकीणबाईंचं वीणकाम. मी तिथेच पायरीवर बसले. ती खोलीत शिरली, दारातच थबकली आणि माझ्याकडे वळली.

“आई, बटवा तुमच्या पलंगाखाली आहे ना?”

डब्यात होता, डबा बॅगेत, बॅग पलंगाखाली. ती म्हणाली की रात्रभर या वासात झोपले तर सकाळी कपड्यांना लागेल, आणि ज्याच्या कपड्यांना वास आहे त्याला परीक्षेच्या दारातूनच परत पाठवतात. बटवा तिच्यापासून लांब गेलाच पाहिजे. मालकीणबाईंकडे ठेवावा तर त्यांचा काउंटर आमच्या खोलीच्या बरोबर खाली.

परीक्षेची जागा बघून यायचीच होती, म्हणून मी एकटी निघाले, बटवा बरोबर घेऊन. जुनी दगडी इमारत, व्यापाऱ्यांच्या संघाची. दारावर पहारेकरी, साठीचा, खोकून खोकून हैराण. कोरडा खोकला, ढांस नुसती. मी त्याला ज्येष्ठमधाची कांडी दिली, चघळत राहा म्हटलं, आणि आठ दिवसांत थांबला नाही तर डॉक्टरला दाखव हेही बजावलं. थोड्या वेळाने त्याचा घसा जरा मोकळा झाला. मग मी विचारलं, माझं एवढं उद्यापर्यंत ठेवशील का? डबा बसमध्येच पार चेपला होता, म्हणून नुसता बटवा त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, आजी, मुंग्यासुद्धा लागणार नाहीत अशा जागी ठेवतो. मी निश्चिंत मनाने परत आले. किती हुशारी केली असं वाटत होतं मला.

परीक्षेच्या दिवशी सकाळी नाक तीन हिस्से उघडं होतं. सोबतच्या लोकांना बाहेर बाकावर बसवतात. मध्ये काचेची भिंत, वर एक झडप उघडी, त्यातून आतलं बोलणं ऐकू येतं. आत लांबच लांब टेबल, त्यावर तीस पांढरे कप, प्रत्येकासमोर भिजलेल्या पत्तीची ताटली. परीक्षार्थी पाच. त्यातले एक सूटवाले, त्यांचे वडीलही चाखणारे, त्यांना बघूनच बाकीच्यांचं अवसान गळत होतं. मुख्य परीक्षक म्हणजे काडीसारखे एक म्हातारे गृहस्थ, गळ्यात दोरीने चमचा अडकवलेला. प्रत्येकाने कप चाखायचा आणि कागदावर लिहायचं. एकोणिसाव्या कपापाशी मात्र ते स्वतः थांबले. स्वतः चाखला, भुवया वर गेल्या. मग म्हणाले, या कपाचं उत्तर लिहू नका, एकेकाने इथे येऊन तोंडी सांगा.

पहिल्याने सांगितलं, माल ओलीत राहिलाय. दुसरीनेही ओलच सांगितली. तिसऱ्याने माल जुना ठरवला. सूटवाले म्हणाले की ओल तर आहेच, शिवाय पेटीचं लाकूड उतरलंय. परीक्षक मान हलवत होते, त्यातून हो की नाही काही कळत नव्हतं.

सूनबाई शेवटची. तिने चहा ओढला, फिरवला, थुंकला. पुन्हा ओढला. मग ताटलीतली ओली पत्ती उचलून नाकाशी नेली आणि तशीच उभी राहिली. फार वेळ. मला वाटलं नाक पुन्हा बंद झालं. तेवढ्यात तिने मान वळवली आणि काचेतून थेट माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला लागेना.

“ही ओल नाही,” ती म्हणाली. “बाहेरचा वास लागलाय. वर निलगिरी, मग लवंग, मग ओवा. सुंठ थोडी, आणि खाली बडीशेप. हा माझ्या सासूबाईंचा बटवा आहे.”

पहारेकऱ्याला बोलावलं. तो भाबडा माणूस सरळ सांगून मोकळा झाला की मुंग्या लागू नयेत म्हणून बटवा नमुन्यांच्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवला होता. बाकी सगळे नमुने घट्ट झाकणाच्या डब्यांत होते. एकोणिसाव्याचं झाकण वाकलेलं, म्हणून तो कागदाच्या पुडीत, नेमका बटव्याला खेटून. चहा असा की शेजारी जे असेल ते पिऊन बसतो. तिच्यापासून बटवा लांब ठेवायला म्हणून मी एवढा उपद्व्याप केला, आणि ठेवला कुठे, तर तिच्या परीक्षेत.

सूटवाले उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं की ज्याच्या माणसाने नमुना बिघडवला त्याला नियमाप्रमाणे बाद करतात. आणि दुसरं म्हणजे यात नाकाचा काय संबंध? घरचा बटवा, आत काय आहे ते बाईंना पाठच असणार. खरं सांगू, मला त्यांचा राग आला, पण माणूस चुकीचं बोलत नव्हता. परीक्षकांनाही ते पटलेलं दिसलं. त्यांनी सूनबाईला विचारलं की बाद होण्याचा धोका असताना तुम्ही बटव्याचं नाव का घेतलं, नुसतं बाहेरचा वास म्हटलं असतं तर चाललं असतं. ती म्हणाली की कपात काय आहे असं विचारलं होतं, जे आहे ते सांगितलं.

मग ती पुढे म्हणाली, “अजून एक आहे. त्याचं नाव आठवेना म्हणून मी इतका वेळ थांबले. वाळा आहे. जुना, सुकलेल्या मुळांचा. सगळ्यांना मातीसारखं लागलं आणि ओल वाटली, ते हेच.”

परीक्षकांनी मला आत बोलावलं. बटवा टेबलावर आणून ठेवला होता. त्यांनी विचारलं, यात वाळा आहे का? सूनबाई माझ्याकडे बघत होती. खोटं बोलायला माझी जीभ किती वळवळली म्हणून सांगू. हो म्हटलं तर तिची खुर्ची वाचते. पण बटवा समोर होता, उघडून बघितला तर दोघींचं तोंड काळं. मी म्हटलं, नाही. माझ्या हयातीत यात वाळा कधी ठेवला नाही. एवढं बोलून मला वाटलं की मी माझ्याच हाताने तिचा गळा कापला.

त्यांनी एकेक कप्पा उलटा केला. लवंग, ओवा, सुंठ, ज्येष्ठमध, बडीशेप, हळकुंड, बाटली. वाळा नाही. सूटवाल्यांनी हात बांधले. परीक्षकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

सूनबाईने रिकामा बटवा उचलला. नाकाशी नेला, एकेका कप्प्यावरून सरकवत तळापर्यंत आणला आणि तिथे थांबली. अंगठ्याने तळ चेपून पाहिला. मग तिने पहारेकऱ्याकडे कात्री मागितली आणि माझ्याकडे वळली.

“आई, उसवू?”

तो टाका माझ्या आईच्या हातचा होता. आई जाऊन तीस वर्षं झाली, तिच्या हातचं घरात दुसरं काही उरलेलं नाही. मी म्हटलं, उसव.

तळाला कापडाचे दोन थर होते, हे इतकी वर्षं वापरून मला ठाऊक नव्हतं. तिने पाच-सहा टाके कापले, दोन बोटं आत घातली आणि बाहेर काढली ती वाळ्याची चपटी जुडी, काडेपेटीएवढी, लाल दोऱ्याने बांधलेली. कसर लागू नये म्हणून आईने घातली असणार. मला सांगितलं नाही. सांगायचं राहिलं असेल. सेहेचाळीस वर्षं ती जुडी माझ्या कमरेशी लटकत होती, आणि दिवसातून दहा वेळा बटवा उघडणारी मी, मला तिचा पत्ता नाही. सुनेने ती दोन घोटांत शोधली, परवा ज्या नाकाला समोरची पुडी कळत नव्हती त्या नाकाने. मी तिथे सगळ्यांसमोर रडले. लाज वाटली नाही.

परीक्षकांनी जुडी हुंगली, मग कप हुंगला, मग पुन्हा जुडी. सूटवाल्यांच्या हातात दिली. त्यांनीही हुंगली आणि खाली बसले. परीक्षकांनी उत्तरांचा कागद ओढला, एकोणिसाव्यापुढचं छापील उत्तर खोडलं आणि त्या जागी सहा वस्तू आपल्या हाताने लिहिल्या. म्हणाले की नमुना बिघडला तो कपाट सांभाळण्यातल्या हलगर्जीपणाने, तो दोष संघाचा आहे, परीक्षार्थीचा नाही. आणि अशी चाचणी मुद्दाम घ्यायची म्हटलं असतं तरी आपल्याला सुचली नसती.

निकाल दुपारी लागला. पाचांतले दोघे पास, सूटवाले आणि सूनबाई. सूनबाई पहिली. तीसपैकी तिचे एकोणतीस बरोबर, आणि जो चुकला तो तिच्या म्हणण्याप्रमाणे उघडं नसलेल्या चौथ्या हिश्शाचा दोष. तिने वखारीत फोन लावून म्हाताऱ्या चाखणाऱ्याला कळवलं. त्याने एवढंच विचारलं म्हणे, की खुर्चीची गादी बदलून हवी का.

मला मात्र शिक्षा झाली. मुख्य परीक्षकांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की यापुढे परीक्षेच्या काळात मी बटव्यासह त्या इमारतीपासून शंभर पावलांच्या आत दिसता कामा नये, तसा ठराव करून घेणार आहेत. मी मान ताठ ठेवून शिक्षा घेतली. आमच्या घराण्यात कुणाच्या नावाने ठराव झालेला मला तरी आठवत नाही. बाहेर पडताना सूटवाले आडोशाला थांबलेले दिसले. घाटात त्यांना मळमळतं, म्हणून थोडी सुंठ मिळेल का, असं हळूच विचारत होते. दिली. दोन तुकडे दिले.

मालकीणबाईंना किटली परत केली तेव्हा मात्र खरं सांगितलं. त्यांनी किटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, राहू द्या तुमच्याकडेच.

परतीच्या बसमध्ये सूनबाई माझ्या शेजारी बसली. बस सुटली, गाव मागे पडलं. मग तिने माझ्या मांडीवरचा बटवा स्वतःच्या मांडीवर घेतला, तळाच्या उसवलेल्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली की घरी गेल्यावर शिवून देते, वाळा होता तिथेच घालून. मी म्हटलं, तुला एवढा बटवा ठाऊक होता कसा? बारा वर्षांत कधी हात लावला नाहीस.

“तुमच्या हातांना हाच वास येतो ना,” ती म्हणाली. “पोरांच्या कपाळाला, यांच्या शर्टाला. मी काम संपवून जिन्यात आले की मला कळायचं, आज कोणाचं पोट दुखलं ते.”

मी माझा तळहात नाकाशी नेला आणि खिडकीकडे तोंड केलं.

थोड्या वेळाने तिला शिंक आली. पाठोपाठ दुसरी, मग तिसरी. तिने रुमालाने नाक पुसलं, बटव्याची दोरी सैल केली, शेवटच्या कप्प्यातली बोटाएवढी बाटली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

“आता लावा काय लावायचं ते,” ती म्हणाली आणि डोळे मिटून चेहरा माझ्यासमोर धरला.

बारा वर्षं वाट पाहिली होती मी याची. रुमालावर निलगिरीचे दोन थेंब टाकले, तिच्या नाकाशी धरला आणि दुसऱ्या हाताने तिच्या भुवयांच्या मधून कपाळ चोळायला घेतलं, सावकाश, नातवंडांचं चोळते तसं. वास अख्ख्या बसभर झाला. मागच्या सीटवरच्या माणसाने नाक मुरडून विचारलं, कसला हो हा उग्र वास?

सूनबाईने डोळे उघडले नाहीत. तिने एक लांब श्वास घेतला, दोन्ही नाकपुड्यांनी, आणि त्याला सांगितलं, आमच्या घरचा.